सुपरचार्जरवाल्या गाडीत स्पार्क प्लगचा गॅप किती ठेवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा, बेल्टवर फिरणारा पंप) बसवला, त्याची पुली बदलली किंवा जुनी कॉम्प्रेसर, म्हणजे सुपरचार्जरवाली, मर्सिडीज घेतली की थोड्याच दिवसात प्लगच्या गॅपचा, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधल्या अंतराचा, प्रश्न येतोच. आणि उत्तर म्हणून कुणीतरी एक आकडा फेकून देतं, "पॉइंट सात ठेव", बस. तो आकडा कुठून आला, कुठल्या इंजिनाचा, कुठल्या कॉइलवर, कुणी विचारत नाही. म्हणून इथे आकडे पण देतोय आणि त्यामागचं कारण पण, कारण कारण कळलं की स्वतःच्या गाडीचा आकडा स्वतःला काढता येतो.

बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) असला की गॅप कमी का करायचा, मुळात कारण काय?

प्लगच्या दोन टोकांमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण असतं आणि ते वीज सहजासहजी जाऊ देत नाही. कॉइल (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून प्लगला देणारा भाग) व्होल्टेज चढवत नेते, चढवत नेते आणि एका क्षणी ते मिश्रण दाद देतं आणि वीज आरपार उडी मारते, तीच आपली ठिणगी. ही उडी किती व्होल्टेजला पडणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं, टोकांमधलं अंतर आणि मधल्या वायूची दाटी. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हा नियम मांडला आणि आजही प्लगचा सगळा हिशोब त्यावरच चालतो. उघड्या हवेत ढोबळ मानाने एका मिलिमीटरला ३,००० व्होल्ट लागतात. पण सिलिंडरमध्ये ठिणगी पडते तेव्हा पिस्टनने मिश्रण आधीच दाबलेलं असतं, त्यामुळे तिथे गरज १०,००० व्होल्टच्या पुढे जाते आणि जोर लावल्यावर अजून वर.

आता यात सुपरचार्जर आला. समजा ०.७ बार बूस्ट आहे, म्हणजे साधारण १० पीएसआय. बाहेरची हवा १ बार, त्यावर हे ०.७, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) १.७ बार. सिलिंडरमध्ये जवळपास तेवढ्याच पटीने जास्त माल भरला गेला, मग ठिणगीच्या क्षणी दाटी पण तेवढ्याच पटीत वाढली आणि तोच गॅप ओलांडायला लागणारं व्होल्टेज पण जवळजवळ त्याच प्रमाणात वाढलं. कॉइल मात्र तीच! तिची ताकद संपली की ठिणगी पडतच नाही आणि तो स्ट्रोक फुकट गेला. दाटी आपल्याला कमी करायची नाही, त्यासाठीच तर सुपरचार्जर लावलाय, मग हातात उरतं ते अंतर. अंतर कमी केलं की मागणी कॉइलच्या आवाक्यात येते. गॅप कमी करण्यामागे एवढंच आहे.

पण लोक म्हणतात बूस्ट ठिणगी "फुंकून विझवतो", ते खरं का?

शब्द लोकांच्या तोंडी बसलाय पण तसं होत नाही. बूस्टवर मिस होतं, म्हणजे एखाद्या स्ट्रोकला मिश्रण पेटतच नाही, तेव्हा बहुतेक वेळा ठिणगी पेटून विझलेली नसते, ती पेटलेलीच नसते. व्होल्टेज पुरलं नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे विजेला सोपा रस्ता सापडला, चिनीमातीच्या इन्सुलेटरवरून बाहेरच्या बाहेर किंवा प्लग कॅपच्या फाटलेल्या रबरातून थेट हेडला. हे नीट समजून घेणं गरजेचं आहे, कारण "फुंकून विझते" असं डोक्यात बसलं की माणूस फक्त गॅपकडे बघतो आणि कॉइल, लीड, कॅप तपासायचं राहून जातं.

आयडलला गाडी एकदम मस्त, हायवेला आरामात चालवली तरी मस्त, फक्त दाबली की झटके मारते. हा गॅपचाच प्रॉब्लेम का?

लक्षणं तशीच आहेत. आयडलला थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम, सिलिंडरमध्ये माल थोडा, दाटी कमी, मग थकलेली कॉइल पण ते काम निभावून नेते. पाय पूर्ण दाबला की दाटी एकदम वाढते. त्यात अजून एक गोष्ट, बूस्टवर नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी भडकणं) होऊ नये म्हणून इग्निशनचं टायमिंग मागे ओढलेलं असतं, म्हणजे ठिणगी पिस्टन वर पोचायच्या अगदी जवळ पडते आणि तिथे दाब आणखी जास्त असतो. दोन्हीकडून मागणी वाढते.

कुठल्या आरपीएमला मिस होतंय ते पण नोंदवून ठेवा. ईटनसारखा रूट्स टाइप सुपरचार्जर दर फेरीला ठरलेली हवा ढकलतो म्हणून बूस्ट खालूनच मिळतो आणि सिलिंडर सगळ्यात जास्त भरतं ते टॉर्क सर्वात जास्त असतो त्या आरपीएमला, तिथेच प्लगची खरी परीक्षा. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरमध्ये बूस्ट आरपीएमबरोबर चढत जातो, त्यामुळे तिथे झटके बऱ्याचदा वरच्या टोकाला येतात. पण मिस होणारी प्रत्येक गाडी गॅपमुळेच मिस होते असं नाही, त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

मग सरळ बारीक गॅप ठेवून मोकळं का होऊ नये? ०.५ ठेवला की कधीच मिस होणार नाही ना?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच सगळ्यात जास्त गाड्या बिघडवल्या जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

ठिणगी पडणं आणि मिश्रण पेटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिणगीतून आधी आगीचा एक बारीकसा गोळा तयार होतो आणि तो वाढत वाढत पूर्ण सिलिंडरभर पसरतो. गॅप फार बारीक असला की हा गोळा जन्मतःच दोन थंड धातूंच्या मध्ये चेपला जातो, इलेक्ट्रोड त्याची उष्णता ओढून घेतात आणि तो वाढायच्या आधीच मरतो. फुल बूस्टला मिश्रण इतकं दाट असतं की तरीही पेटतं. पण आयडलला आणि हलक्या थ्रॉटलला काय? तिथे मिश्रण विरळ, त्यात मागच्या स्ट्रोकचा जळका गॅस मिसळलेला, तिथे पेटवायला मोठी ठिणगी लागते. परिणाम काय होतो, आयडल थरथरतं, सकाळी गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करते, सिग्नलवरून निघताना पिकअप मेल्यासारखा वाटतो आणि पेट्रोल जास्त पितं. शिवाय अर्धवट जळलेल्या मिश्रणाची काजळी प्लगवर जमते आणि बारीक गॅपमध्ये कार्बनचा एखादा कण अडकला की दोन्ही टोकं जोडली जातात आणि तो सिलिंडर बसला.

रोज चालवायची गाडी ९० टक्के वेळ बूस्टवर नसतेच हो! ट्रॅफिकमध्ये, सोसायटीच्या गेटवर, टोलनाक्याच्या रांगेत ती व्हॅक्यूमवरच असते.

म्हणून माझं ठाम मत असं की तुमच्या गाडीच्या जास्तीत जास्त बूस्टला, धडधाकट कॉइलवर, मिस न होता जेवढा मोठा गॅप चालतो तेवढा मोठा ठेवायचा. लहानात लहान नाही, चालेल तेवढा मोठा. वापरात इलेक्ट्रोड झिजून गॅप वाढतच असतो, तर त्यासाठी ०.०५ मिमी हातचे ठेवा, बास.

ठीक आहे, पण सुरुवात कुठून करू? आकडा तर सांगा.

सांगतो, पण ही फक्त सुरुवातीची जागा आहे, शेवटचं उत्तर नाही. बिनबूस्टच्या आजकालच्या गाड्यांना बरेचदा १.० ते १.१ मिमी असतो. बाहेरून सुपरचार्जर बसवलेला असेल तर ०.४ ते ०.५ बारपर्यंत ०.८ ते ०.९ मिमीपासून सुरू करा. ०.५ ते ०.८ बारला ०.७ ते ०.८. १ बारच्या आसपास ०.६ ते ०.७. आणि त्याच्याही बऱ्याच वर, म्हणजे दीड बारकडे झुकणारी रेसची इंजिनं असतात त्यात ०.५ ते ०.६ पर्यंत लोक जातात, तिथे आयडलची फिकीर कुणी करत नाही.

अमेरिकेतले बांधव इंचात बोलतात आणि जुने मिस्त्री पण "थाऊ"मध्ये बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. २८ थाऊ म्हणजे ०.७१ मिमी, ३० म्हणजे ०.७६, ३२ म्हणजे ०.८१, ३५ म्हणजे ०.८९, ४० म्हणजे १.०२. हे पाच आकडे गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा, गोंधळ होणार नाही.

माझी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर आहे, कंपनीतूनच सुपरचार्जर आहे. मी गॅप कमी करू का?

नको! पुण्या-मुंबईत सेकंडहॅण्डमध्ये या गाड्या भरपूर फिरतात, डब्ल्यू २०३ आणि नंतरची डब्ल्यू २०४ सुद्धा, आणि कुणीतरी मालकाला सांगितलेलं असतं की सुपरचार्जर आहे म्हणजे गॅप कमी करावा लागतो. अहो, कंपनीने हे इंजिन सुपरचार्जरसकटच डिझाइन केलंय, कॉइल, प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग सगळं त्या बूस्टचा विचार करूनच ठरवलेलं आहे. गॅप कमी करा हा सल्ला ज्याने मूळ बूस्ट बदलला त्याच्यासाठी आहे. इंजिन जसंच्या तसं असेल तर मॅन्युअलमध्ये लिहिलेला पार्ट नंबरचा प्लग आणि तिथलाच गॅप, विषय संपला. स्टॉक कॉम्प्रेसर बूस्टवर मिस करायला लागली तर ती म्हातारी कॉइल, जुने प्लग किंवा प्लगच्या विहिरीत (हेडमधल्या ज्या खोल खाचेत प्लग बसतो तिथे) झिरपलेलं ऑइल असतं. गॅप कमी करून तो आजार काही दिवस झाकला जाईल फक्त.

कंपनीवाले सुपरचार्जरच्या इंजिनाला नेहमी कमीच गॅप देतात ना पण?

नाही, आणि याचं एक भारी उदाहरण आहे. जनरल मोटर्सचं ३.८ लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही ६, एल ६७ नावाचं, अमेरिकेत पॉन्टियाक ग्रँड प्रिक्स जीटीपी, ब्युइक रीगल जीएस अशा गाड्यांमध्ये यायचं. त्यावर ईटन एम ९० सुपरचार्जर आणि कंपनीचा गॅप चक्क ६० थाऊ, म्हणजे १.५२ मिमी! बिनसुपरचार्जरच्या भावाला जेवढा तेवढाच. हे कसं चाललं? एक तर इग्निशन दणकट, दुसरं बूस्ट माफक आणि तिसरं म्हणजे कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) मुद्दाम उतरवलेला, साध्या इंजिनाचा ९.४ आणि सुपरचार्ज्डचा ८.५. पिस्टन कमी दाबतो, सुपरचार्जर ते भरून काढतो, त्यामुळे ठिणगीच्या क्षणीची दाटी आपल्याला वाटते तेवढी वाढत नाही. हेच इंजिन लहान पुली लावून जोरात फिरवलं की तिथले लोक ५५, ५० थाऊवर येतात, तिथेही कुणी थेट २८ वर उडी मारत नाही. म्हणून सांगतोय, इंजिन न बघता आकडा उचलू नका.

लहान पुली लावली, बाकी सगळं स्टॉक आहे. गॅप किती कमी करू?

मिनी कूपर एस, आर ५३ मॉडेल घेऊन सांगतो कारण पुली बदलायचा सगळ्यात जास्त नाद त्याच गाडीला आहे. भारतात मिनी अधिकृतपणे आली २०१२ मध्ये, तोपर्यंत कूपर एस टर्बो झाली होती, त्यामुळे सुपरचार्जरवाली आर ५३ जास्त करून इंग्लंड-अमेरिकेतल्या आपल्या लोकांकडेच दिसते. १.६ लिटर, ईटन एम ४५, कॉम्प्रेशन ८.३. एम ४५ म्हणजे एका फेरीला ४५ घन इंच हवा, साधारण पाऊण लिटर. १५ टक्के लहान पुली लावली की सुपरचार्जर त्या प्रमाणात जोरात फिरतो आणि बूस्ट चढतो, हवा पण जास्त तापते.

पण एक गंमत आहे, या गाडीचा कंपनीचा प्लग एनजीके बीकेआर ६ ईक्यूयूपी, त्याला बाजूच्या चार पत्त्या (मधल्या टोकासमोर येणारी वाकलेली टोकं) आहेत आणि तो गॅप हलवायचा नसतोच. चारही पत्त्या एकसारख्या अंतरावर वाकवणं हाताने शक्य नाही आणि प्रयत्न केला तर प्लग वाया. पुलीवाले सरळ त्याच घरातला एक नंबर थंड, म्हणजे टोक कमी तापणारा, प्लग लावतात, बीकेआर ७ ईक्यूयूपी. किंवा मग एका पत्तीचा प्लग घेऊन ०.७५ ते ०.८ च्या आसपास सेट करतात. दोन्ही रस्ते चालतात. मला विचाराल तर रोजच्या गाडीला पहिला.

बाकी गाड्यांसाठी सोपा हिशोब असा, पुलीने मॅनिफोल्डचा एकूण दाब जेवढ्या टक्क्याने वाढला तेवढ्याच टक्क्याने गॅप कमी करून सुरुवात करा. आधी १.६ बार होता, आता १.८ झाला, म्हणजे साडेबारा टक्के. गॅप ०.९ होता तर ०.८ करा. बूस्ट गेजवरचा आकडा घेऊ नका, त्यात बाहेरच्या हवेचा १ बार मिळवायला विसरू नका, नाहीतर हिशोब भलताच येईल.

बरोबर गॅप सापडला हे कळणार कसं?

डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर रोलरवर पळवून पॉवर मोजणाऱ्या मशीनवर. रस्त्यावर फुल थ्रॉटल मारून बघणं धोक्याचं आहे, स्वतःला पण आणि समोरच्याला पण, डायनो नसेल तर ट्रॅक डेला करा. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल द्या आणि लिमिटपर्यंत जाऊ द्या. पॉवरची रेघ गुळगुळीत आली तर हात लावू नका. करवतीसारखी दातेरी आली तर ०.०५ मिमीने कमी करून परत. गुळगुळीत झाली की थांबा, अजून थोडं कमी करून बघू म्हणत पुढे जाऊ नका.

परीक्षा थंड हवेत घ्या. थंड हवा दाट असते, मे महिन्याच्या दुपारी पास झालेली गाडी डिसेंबरात रात्री झटके देऊ शकते.

मोजायला कुठलं गेज घेऊ?

नवीन प्लगला पातळ पट्ट्यांचं फिलर गेज चालतं. वापरलेल्या प्लगला तारेचं गेज घ्या, कारण झिजताना पत्तीच्या आतल्या बाजूला खड्डा पडतो आणि सपाट पट्टी त्या खड्ड्याच्या कडांवरच टेकते, गॅप खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवते. नाण्यासारखं गोल गेज, ज्याची कड हळूहळू जाड होत जाते, ते स्वस्त असतं आणि सगळीकडे मिळतं, पण ते इलेक्ट्रोडच्या मध्ये सरकवून गॅप वाढवायची सवय लोकांना असते आणि इरिडियम प्लगचं वाटोळं तिथेच होतं. पट्टी हलक्या घर्षणाने जायला पाहिजे, ढिली पण नको आणि जबरदस्ती पण नको. त्याच्या एक नंबर जाड पट्टी जात नाही ना, ते पण बघायचं.

इरिडियम प्लगचा गॅप बदलायचा नसतो असं दुकानदार म्हणाला.

बदलता येतो, पण जपून. इरिडियमचं मधलं टोक फार बारीक असतं, एनजीकेच्या इरिडियम आयएक्समध्ये ०.६ मिमी, डेन्सोच्या इरिडियम पॉवरमध्ये तर ०.४ मिमी. धातू कठीण पण ठिसूळ, थोडा बाजूचा रेटा बसला की टोकच उडतं. त्यामुळे मधल्या टोकाला आणि आजूबाजूच्या चिनीमातीला काहीही टेकवायचं नाही, फक्त बाजूची वाकलेली पत्ती हलवायची, तीही गॅपिंग टूलने पकडून. कमी करायचा असेल तर पत्ती हळूच खाली. प्लग उलटा करून ओट्यावर आपटणं हे जुन्या निकेल प्लगला कसंबसं चालून जायचं, इरिडियमला अजिबात नाही. कंपनीने दिलेल्या गॅपपासून ०.२ मिमीपेक्षा जास्त हलवू नका, एनजीके पण तेच सांगते, कारण पत्ती जास्त वाकवली की तिचा पृष्ठभाग तिरपा होतो आणि वाकलेल्या जागी ती कमकुवत पण होते. १.१ चा प्लग घेऊन ०.६ करण्यापेक्षा मुळातच ०.८ चा प्लग घ्या. एनजीकेमध्ये नंबरच्या शेवटी ११ असलं तर १.१ मिमी, ९ असलं तर ०.९. खोक्यावरच वाचता येतं.

बारीक टोकाचा फायदा पण आहे, विद्युत क्षेत्र टोकाशी एकवटतं आणि त्याच गॅपला व्होल्टेज कमी लागतं. बूस्टच्या गाडीला हे सोयीचंच. साधा निकेल प्लग पण बूस्टवर छान चालतो, लवकर झिजतो एवढंच, पण स्वस्त असल्याने ट्यूनिंग चालू असताना तोच लावून प्रयोग करणं शहाणपणाचं.

नवीन प्लग खोक्यातून काढला आणि लावला, तो आधीच सेट असतो ना?

असतो, पण कुठल्या गाडीसाठी सेट आहे ते तुमच्या गाडीला माहीत नाही. वाहतुकीत एखादा पडलेला पण असू शकतो. प्रत्येक प्लग मोजा, चारही सारखे पाहिजेत. दोन मिनिटांचं काम आहे, टाळू नका.

थंड प्लग म्हणजे काय, आणि तो गॅपऐवजी चालेल का?

ऐवजी नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक सारखी गल्लत करतात. गॅप ठरवतो ठिणगी पडणार की नाही. हीट रेंज ठरवते प्लगचं टोक किती तापणार, कमी तापतं तो थंड प्लग. टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते आणि ८५० च्या वर गेलं तर ते स्वतःच निखाऱ्यासारखं होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. ते झालं की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. गॅप चुकला तर झटके बसतील, हीट रेंज चुकली तर इंजिन उतरवावं लागेल, एवढा फरक आहे.

ढोबळ नियम, दर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीला एक नंबर थंड. पुलीने २०-२५ घोडे वाढले असतील तर फार तर एक नंबर, त्याच्या पुढे जायची गरज नाही, रोजच्या गाडीत फार थंड प्लग काळा पडतो. नंबर वाचताना काळजी घ्या: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४.

गॅप कमी केला, तरी मिसिंग जात नाही.

मग गॅपला सोडा आता. स्कॅनर लावून कोड बघा, पी ०३०१ ते पी ०३०४ आला तर ठरावीक सिलिंडर सापडला. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावा, कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली, तिथेच राहिला तर प्लग, कॅप, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी उभी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळतेय, तो प्लग आणि ती कॅप दोन्ही बदला, एकच बदलला तर जुन्यावरची रेघ नव्याला पण खराब करते. पावसाळ्यात प्लगच्या विहिरीत पाणी किंवा दमट हवा साठते, कोकणातल्या गाड्यांना हे जास्त, रबर कडक झालं असेल तर तिथून गळती ठरलेली.

सुपरचार्जरचा बेल्ट घसरत असेल तर बूस्ट पडतो आणि मालकाला तेही मिस झाल्यासारखं वाटतं. गाडीतला पेट्रोल पंप कमी पडत असेल तर मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि लीन मिश्रणाला पेटायला व्होल्टेज अजून जास्त लागतं, म्हणजे पंपाचा आजार प्लगच्या लक्षणात दिसतो. शेवटी अल्टरनेटर. कॉइलला १२ व्होल्टच आले तर ती १४ व्होल्टसारखं काम करणार नाही.

मिस होतंय तेव्हा वाइडबँड (मिश्रण मोजायला लावलेला ऑक्सिजन सेन्सर) लीन दाखवतंय, पेट्रोल वाढवू का?

थांबा! ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, सायलेन्सरमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजतो. स्ट्रोक पेटलाच नाही तर त्यातला सगळा ऑक्सिजन न वापरता बाहेर आला आणि सेन्सरला वाटलं मिश्रण लीन आहे. प्रत्यक्षात न जळलेलं पेट्रोल पण त्याच्याबरोबर बाहेर गेलंय आणि ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याला वितळवतं. यात अजून पेट्रोल ओतलं तर प्लग ओले होतील, मिस वाढेल, सेन्सर अजून लीन दाखवेल आणि तुम्ही अजून ओताल. आधी मिस थांबवा, मग फ्युएलिंगला हात लावा, हा क्रम कधीच उलटा करू नका.

प्लग बसवताना काय सांभाळायचं?

इंजिन थंड असताना. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग जोरात फिरवून काढला तर आटे बाहेर येतात, तो खर्च प्लगच्या शंभरपट. काढायच्या आधी विहीर हवा मारून साफ करा म्हणजे कचरा सिलिंडरमध्ये पडणार नाही. नवीन प्लग हाताने, नुसत्या बोटांच्या जोराने टेकेपर्यंत फिरवा, मग टॉर्क रेंच. १४ मिमी आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर नवा वॉशरवाला प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. निमुळत्या सीटचा, बिनवॉशरचा असेल तर टेकल्यावर फक्त एक सोळांश फेरा, त्याला अर्धा फेरा दिलात तर तो परत निघायचा नाही.

आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनचं ग्रीससारखं मलम) लावायची पद्धत आहे, पण आजचे बहुतेक प्लग आधीच मुलामा दिलेले असतात आणि अँटीसीझने आटे इतके निसरडे होतात की त्याच टॉर्कला प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. लावू नका.

पत्ती कुठल्या दिशेला येते त्याने फरक पडतो का?

रेसच्या इंजिनात वॉशर बदलून बदलून पत्तीची दिशा जुळवतात. रस्त्यावरच्या गाडीत त्या वेळात चारही गॅप परत मोजा, जास्त उपयोग होईल.

टर्बोला पण हेच सगळं लागू का?

हो, हवा कोणी दाबली याच्याशी प्लगला देणंघेणं नाही, किती दाबली एवढंच. फक्त टर्बोमध्ये बूस्ट चढायला क्षणभर लागतो, त्यामुळे झटके पण थोडे उशिरा येतात.

किती किलोमीटरने तपासायचं?

निकेल प्लग असेल आणि बूस्ट वाढवलेला असेल तर दर १०,००० किलोमीटरला काढून मोजा. इरिडियम असेल तर २०,००० ला एकदा बघितलं तरी चालेल. काढल्यावर चारही सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा आणि फोटो काढा. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) किंवा प्लग फार थंड. ओला काळा तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक, त्यावर बारीक चंदेरी ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम उडतंय, गाडी तिथेच बंद करा आणि ट्यूनरकडे न्या, चालवत नाही, टो करून.

ज्या गाड्यांमध्ये एक कॉइल दोन सिलिंडरना वीज देते, आर ५३ त्यातलीच, त्यात दोन प्लगमधून वीज उलट्या दिशेने जाते म्हणून एकाचं मधलं टोक जास्त झिजतं आणि दुसऱ्याची पत्ती. गॅप असमान वाढलेला दिसला तर घाबरू नका, पण परत सेट करताना प्लगांची अदलाबदल करू नका, आणि पत्ती किंवा टोक गोल झालं असेल तर वाकवत बसण्यापेक्षा पूर्ण सेट नवा घ्या.